अम्मनची 'मातारानी' करू नका हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत देवीच्या सिनेमांवर जो मोठा लेख आला तो मी दोनदा वाचला, पहिल्यांदा चहा पिताना आणि दुसऱ्यांदा चिडून. हिंदीतल्या देव्यांना अर्धं पान, बंगालीला तीन परिच्छेद आणि तमिळ अम्मन (म्हणजे देवी) पिक्चरांना जेमतेम सात ओळी, त्याही टिंगलीच्या, की डोळे वटारलेली हिरॉईन, रबरी साप, कार्टूनसारखं ग्राफिक्स आणि शेवटी त्रिशूळ की झालं. लेखकाने असे पिक्चर दोन तरी पूर्ण बघितले असतील का याची मला शंका आहे. मी बघितलेत, आणि टीव्हीवर नाही, थेटरात, आडी महिन्यात, घामाने भिजलेल्या बायकांच्या मधे बसून.

आमच्या ह्यांची नोकरी रेल्वेत, १९९८ ते २००३ आम्ही तिरुचिरापल्लीला पोन्मलैच्या रेल्वे क्वार्टरमधे होतो. मला तमिळ तेव्हा भाजीवालीशी भांडण्यापुरतं यायचं. शेजारी एक अक्का होत्या, त्यांच्यामुळे मला हे सगळं कळलं. आडी म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा महिना, त्यात लग्नकार्य करत नाहीत पण अम्मनचा मात्र हाच सीझन, शुक्रवारी तर बायकांना घरात पाय ठरत नाही. गल्लीगल्लीत नाचणीचं आंबील शिजतं, त्याला कूळ म्हणतात, मोठ्या हंड्यातून वाटतात, कोणाचं घर कोणती जात असलं विचारत नाहीत निदान त्या दिवशी तरी. आणि पहाटे पाचपासून लाऊडस्पीकरवर एल. आर. ईश्वरी यांची अम्मनची गाणी. या बाई जन्माने ख्रिश्चन घरातल्या, सिनेमात क्लबमधली मादक गाणी गाऊन गाजलेल्या, आणि त्यांच्याच आवाजाशिवाय तमिळ मुलखातला मारियम्मन या देवीचा एकही उत्सव होत नाही. हे मला आजही फार भारी वाटतं.

तर त्या काळात, म्हणजे २००० ते २००२, अम्मन पिक्चरांचं नुसतं पीक आलं होतं. त्यातले बरेच रामा नारायणन नावाच्या दिग्दर्शकाचे, शंभराच्या वर पिक्चर काढलेला माणूस, हत्ती माकड नाग कुत्रा यांच्याकडून हिरोपेक्षा चांगली कामं करून घ्यायचा. आणि गंमत बघा, हा माणूस द्रमुकचा आमदार राहिलेला, म्हणजे जो पक्ष देव नाही म्हणणाऱ्या चळवळीतून आला त्या पक्षाचा. अक्कांचे मिस्टर त्यावर म्हणायचे की पार्टीला देव लागत नाही पण बॉक्स ऑफिसला लागतो.

त्याचा २०००चा 'पाळयत्तम्मन' आम्ही बघितला, त्यात मीना ही हिरॉईन देवी झालीय. त्यातलं एकच सांगते. एका आईच्या हातून तिचं तान्हं मूल देवळाच्या हुंडीत, म्हणजे दानपेटीत, पडतं. आणि नियम असा की हुंडीत जे पडलं ते देवीचं, परत मिळत नाही, मग ती सोन्याची साखळी असो नाहीतर पोटचं पोर. थेटरात त्या सीनला सगळं एकदम चिडीचूप झालं, मग मागून कोणीतरी बाई हुंदका देऊन रडायला लागली आणि तिच्यामागून सगळ्याच. मी पण. आता तुम्ही म्हणाल काय हा फालतू प्लॉट, पण तो नियम खोटा नाहीये बरं का. तामिळनाडूत हुंडीचे सरकारी नियम आहेत १९७५चे, टाकलेली वस्तू परत देता येत नाही. २०२४च्या डिसेंबरात चेन्नईजवळ तिरुपोरूरच्या मुरुगनच्या देवळात एका भक्ताचा आयफोन चुकून हुंडीत पडला तर देवळाच्या अधिकाऱ्यांनी हाच नियम दाखवला, फोन देवाचा, तुम्हाला हवं तर आतला डेटा घ्या. आणि तेव्हा सगळ्या तमिळ पोरांनी सोशल मीडियावर पहिली आठवण कशाची काढली असेल तर याच पिक्चरची. चोवीस वर्षांनी! तुमच्या लेखकाने ज्याला कार्टून म्हटलं ते लोकांच्या डोक्यात असं बसलंय.

मला मात्र त्या सीनला रडू आलं ते वेगळ्या कारणानं. मूल देवीचं झालं, हे वाक्य मराठी बाईच्या कानाला गोड लागत नाही. आपल्याकडे मुरळ्या, जोगतिणी देवाला वाहिलेल्या, त्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला माहिताय. तिकडेही होतंच, मद्रासला १९४७ साली कायदा करून मुली देवाला वाहणं बंद करावं लागलं. म्हणून देवी राखते म्हणजे नेमकं काय करते, कोणापासून राखते आणि बदल्यात काय मागते, हा प्रश्न त्या पिक्चरमधे आहे, भडक आहे, ओरडून विचारलाय, पण आहे. मी अक्कांना हे तिथेच हळूच सांगितलं तर त्या म्हणाल्या, गप्प बस, इंटरव्हल होऊ दे. इंटरव्हलला त्यांनी मला कळिपाक्कू म्हणजे सुपारी खायला दिली आणि विषय काढलाच नाही. राहिलं ते राहिलंच.

आता मुद्द्यावर येते, कारण पत्र लिहायला बसले ते फक्त लेखावर रागावून नाही. गेल्या महिन्यात एका हिंदी चॅनलवर दुपारी असाच एक अम्मन पिक्चर डब करून लागला होता. मी हातातलं काम टाकून बसले. तर काय, मारियम्मनची 'मातारानी' झालेली! कूळचं 'प्रसाद' झालं, ठीक आहे, पण पोराच्या अंगावर फोड आलेत, आई त्याला कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवतेय, दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधलेत, आणि हिंदीत ती म्हणते "इसे तेज़ बुख़ार है". अहो बुखार कसला! मी ओठांकडे बघत होते, ती चक्क 'अम्मै' म्हणतेय. तमिळमधे अम्मै म्हणजे कांजिण्या, गोवर, देवी हा सगळा प्रकार, आणि अम्मा म्हणजे आई, अम्मन म्हणजे देवी. शब्दच एकमेकांच्या पोटातले. रोग देवीच पाठवते, रोग हीच देवी आणि बरंही तीच करते, म्हणून घरात आजारी माणसाला औषधापेक्षा आधी गार ठेवायचं, फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, कारण घरात पाहुणी आलीय आणि ती तापट आहे. मारी या शब्दाला पाऊस असाही अर्थ आहे. उन्हाळ्यात अंग भाजणारी आणि पाऊस पाडून निववणारी एकच बाई.

हिंदीत याला शब्द शोधायला अडचण आली असेल, मान्य. पण मराठीत? आपण तर त्या रोगाला सरळ 'देवी'च म्हणतो! माझ्या आईच्या दंडावर देवी काढल्याचा वण होता, आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण. हा रोग भारतात १९७५ला संपला आणि १९८०ला जागतिक आरोग्य संघटनेने जगातूनच गेला असं जाहीर केलं, पण शब्द आपल्या तोंडात राहिलाच ना. आणि आपली मरीआई, तिच्या नावाने फिरणारा तो पोतराज, अंगावर आसूड ओढून घेणारा. तमिळ मारियम्मनची जन्मकथा विचाराल तर ती थेट रेणुकेची, परशुरामानं आईचं डोकं उडवलं आणि परत जोडताना दोन बायकांच्या डोक्यांची अदलाबदल झाली, म्हणून तिकडे कितीतरी गावांत नुसत्या मुखवट्याची पूजा होते. माहूरला आपण काय वेगळं बघतो? जी गोष्ट हिंदीवाल्याला पानभर समजावून सांगावी लागेल ती मराठी माणसाला एका शब्दात कळते, आणि तरी आपल्यापर्यंत ती हिंदीच्या गाळणीतून येते, गाळताना नेमका कडुनिंब तिथेच अडकतो.

अजून एक, हे तुमच्या लेखात यायलाच हवं होतं. १९७१चा 'आदि पराशक्ती', के. एस. गोपालकृष्णन यांचा, या सगळ्या पिक्चरांची थोरली बहीण म्हणा. देवी झाल्यात जयललिता, तेव्हा त्या नुसत्या हिरॉईन होत्या, मुख्यमंत्री व्हायला अजून वीस वर्षं होती. (पुढे अख्खं राज्य त्यांना अम्माच म्हणायला लागलं, यात त्या पिक्चरचा हात किती ते तुम्हीच ठरवा.) के. व्ही. महादेवन यांचं संगीत, आणि पी. सुशीला यांनी गायलेलं एक गाणं 'आयी महामायी' असं सुरू होतं, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणी मराठीच गातंय. तर त्या पिक्चरमधे अभिरामी भट्टरांची गोष्ट आहे. तिरुक्कडैयूर गावच्या देवळातले हे भट्टर देवीच्या ध्यानात इतके बुडालेले की राजानं आज तिथी कोणती विचारलं तर अमावस्येला पौर्णिमा म्हणून बसले. राजा चिडला. रात्री चंद्र उगवला नाही तर मरण. खाली आग पेटवलेली, वर दोरांवर टांगलेला पाट, त्यावर भट्टर उभे, एक एक पद म्हणायचं आणि एक एक दोर कापायचा. एकोणऐंशीव्या पदाला देवीनं आपल्या कानातलं काढून आभाळात फेकलं आणि अमावस्येच्या रात्री लख्ख चंद्र पडला. ती शंभर पदं म्हणजे 'अभिरामी अंतादी', तमिळ घरात आजही पाठ असते.

आणि हा तिथी विचारणारा राजा कोण? सरफोजी! तंजावरचे आपले भोसले, पहिले सरफोजी, व्यंकोजीराजांचे चिरंजीव म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे. तमिळ माणसाच्या सर्वात लाडक्या देवीकथेत मराठी राजा आहे आणि आमच्या मराठी पेपरला त्याचा पत्ता नाही, त्यांना रबरी साप दिसला. खरं तर राजा त्या गोष्टीत जरा व्हिलनच आहे, पण असू दे, माणूस आपल्या घरचा आहे.

तेवढंच नाही. तंजावरजवळ पुन्नैनल्लूरचं मारियम्मनचं देऊळ आहे, मी दोनदा गेलेय. तिथली कथा अशी की व्यंकोजीराजे १६८०मधे तिरुचिरापल्लीजवळच्या समयपुरमच्या मारियम्मनला गेले होते, तिथं देवी स्वप्नात आली आणि म्हणाली मी तुझ्या तंजावरपाशी पुन्नागाच्या झाडांच्या रानात आहे, मला शोध. राजानं रान साफ करून देऊळ बांधलं. मूर्ती वारुळाच्या मातीची, म्हणून तिला पाण्याचा अभिषेक करत नाहीत, पाच वर्षांतून एकदा तेलाचा लेप देतात. पुढे तुळजाराजांच्या मुलीची दृष्टी गेली होती ती इथं परत आली असं सांगतात. राजाचं नाव तुळजा बरं का, आपल्या तुळजाभवानीवरून. तिकडे जाऊन तीनशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी तुळजाभवानी आणि मारियम्मन यांच्यात भिंत घातली नाही, आणि आज आपण डबिंगमधे घालतोय.

आणि ते समयपुरम आमच्या घरापासून जवळ, तिथली एक प्रथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण देवीसाठी उपास करतो, तिथं देवी भक्तांसाठी उपास करते. पच्चै पट्टिनी म्हणतात त्याला, मासी (फेब्रुवारी-मार्च) महिन्याच्या शेवटच्या रविवारपासून अठ्ठावीस दिवस, देवीला भात-बित काही नाही, नुसतं ताक, पानक, शहाळं, कच्च्या पिठाचे गोड लाडू असला हलका नैवेद्य. जगात कोणाला रोगराई नको म्हणून आई उपाशी राहते. तो उपास सुरू होतो त्याच दिवशी लोक टोपल्या टोपल्या फुलं आणून देवीला झाकून टाकतात. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा अक्कांनी विचारलं की तुमच्याकडे आई आधी जेवते का? मी नाही म्हटलं. मग यात एवढं काय आश्चर्य, त्या म्हणाल्या.

तर ही देवी राखणारी कशी, तर घरच्या बाईसारखी. म्हणून पिक्चरमधेही ती बरेचदा घरात घुसते. मूळ तेलुगू 'अम्मोरू' १९९५चा, कोडी रामकृष्ण यांचा, तमिळमधे 'अम्मन' नावाने तुफान चालला, त्यात सौंदर्या सासरी छळली जाणारी भक्त आणि देवी तिच्या घरी येते ती मोलकरीण पोरगी बनून, भांडी घासते, सासरच्यांची बोलणी खाते. मी बघताना म्हटलं अरे हा तर आपला श्रीखंड्या! एकनाथांच्या घरी पाणी भरणारा, नाहीतर जनाबाईसोबत जात्यावर बसणारा विठोबा. मग शेवटाला रम्या कृष्णन येते खऱ्या रूपात, आणि ती आली की थेटरात कापूर पेटायचा, कोणाच्या तरी अंगात यायचं, डोअरकीपर लिंबू घेऊन तयारच. तुमच्या लेखकाला हे हास्यास्पद वाटेल. आपल्याकडे १९७५ला 'जय संतोषी माँ'ला लोक चपला बाहेर काढून बसायचे ते विसरले वाटतं.

आता मी काही आंधळी फॅन नाही, चीड मलाही येते. या पिक्चरांत हिरॉईन दोन तास नुसती रडते, आणि देवी धावून येते ती बहुतेक वेळा तिची ताली, म्हणजे मंगळसूत्र, वाचवायला. नवरा दारू पितो, बाहेर लफडं करतो, तरी तो जगला पाहिजे! देवीनं त्याला एक लाथ घालावी असं मला दर वेळी वाटायचं आणि दर वेळी ती व्हिलन मांत्रिकालाच मारायची. मांत्रिक नेहमी काळा, केस वाढलेला, स्मशानात राहणारा, म्हणजे कोणत्या जातीचा दाखवलाय ते न बोलता कळतं. यावर टीका करा की, मी सही करेन. पण ते करायला पिक्चर बघावा लागतो, पोस्टर बघून होत नाही. आणि ही टीका तमिळ लोकांनीच आधी केलीय. १९५२च्या 'पराशक्ती'त, द्रमुकच्या करुणानिधींचे संवाद, शिवाजी गणेशनचा पहिला पिक्चर, त्यात देवळात पुजारीच बाईवर हात टाकतो, देवी काही येत नाही, पुढे येतो तो भाऊ, मूर्तीच्या मागून बोलतो. एका बाजूला तो पिक्चर आणि दुसऱ्या बाजूला १९७१चा 'आदि पराशक्ती', आणि तेव्हा मुख्यमंत्री कोण, तर तेच करुणानिधी! एकाच गावात दोन्ही हाऊसफुल. या लोकांना देव मानणं आणि देवाला जाब विचारणं दोन्ही जमतं.

२०२०च्या 'मूक्कुत्ती अम्मन'मधे तर दोन्ही एकत्रच केलंय. आर. जे. बालाजी आणि एन. जे. सरवणन यांचा पिक्चर, कोरोनात थेटर सोडून सरळ ऑनलाइन आला, दिवाळीला. मूक्कुत्ती म्हणजे नाकातली चमकी. मध्यमवर्गीय कुटुंब, तिरुपतीला जायचं कधी जमत नाही, दर वेळी काहीतरी मोडता, मग कोणीतरी सांगतं की तुमच्या कुलदैवताला किती वर्षांत गेला नाहीत. हे वाक्य ज्या मराठी घरात ऐकू आलं नाही असं घर मला दाखवा! तिथं नयनतारा देवी होऊन प्रकटते आणि तिचा सगळा राग एका भोंदू बाबावर. इथं ना कोणाची ताली वाचवायची ना मांत्रिक. माझी सून जी देवळाच्या पायरीला शिवत नाही ती हसत हसत पूर्ण बघत बसली.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. चॅनलवाल्यांना, ओटीटीवाल्यांना तुमच्या पेपरमधून कोणीतरी सांगा की हे पिक्चर मराठीत आणायचे तर तमिळवरून थेट आणा, हिंदी डबचं मराठी नको. मराठी सबटायटल दिली तरी पुष्कळ. मारियम्मनला मारियम्मनच म्हणा, फार तर मरीआई म्हणा. अम्मैला देवी, गोवर, कांजिण्या जे असेल ते म्हणा, बुखार नका म्हणू. तालीला मंगळसूत्र चालेल. कूळला आंबील, लोकांना लगेच कळेल. मातारानी जम्मूला आहे, तिला नमस्कार, पण तिचा पत्ता वेगळा आणि हिचा वेगळा. आणि पुरवणीत जागा असेल तर पुढच्या आडीत, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, तंजावरच्या मराठ्यांनी बांधलेल्या देवळावर एक नीट लेख येऊ द्या, लिहायला तिकडचाच कोणी मराठी माणूस मिळेल, अजून घरात मराठी बोलतात ते लोक, जुन्या वळणाचं पण गोड.

पत्र मोठं झालं, काटछाट करायची तर माझं रेल्वे क्वार्टरचं पुराण काढा, कडुनिंबाचं काढू नका.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. पुन्नैनल्लूरला जाणार असाल तर रविवार टाळा. समयपुरमलाही तेच, रविवारी देवीच्या आधी हजारभर डोक्यांचं दर्शन होतं आणि देवी दिसते न दिसते तोवर मागचा ढकलून पुढे नेतो.